लडिंग्टनला जरूर जा, ट्रेलर मात्र विकत घेऊ नका

प्रश्न: आम्ही डेट्रॉइटजवळ कॅन्टनला राहतो. मी एचवन-बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. जुलैत पुण्याहून आई येतेय. वय ६८, गुडघे दुखतात. तिला आणि दोन्ही मुलांना घेऊन मिशिगनमधल्या लडिंग्टन स्टेट पार्कमध्ये तळ्याकाठी सहा रात्री राहायचं मनात आहे. मोटरहोमचं (आत राहायची सोय असलेल्या गाडीचं) भाडं फार वाटलं म्हणून ३६,००० डॉलरचा नवा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) पाहिला. सेल्स टॅक्स धरून ८,१६० आधी भरायचे, ३०,००० चं कर्ज, १२ वर्षं, ८ टक्के. डीलर म्हणतो हप्ता फक्त ३२५ आणि व्याजावर करसवलतही मिळेल. वर्षाला दोन सहली होतील. बचत २२,००० आहे, महिन्याचा खर्च ५,५००. आमच्याकडे सिएना आहे. एचओएच्या (घरमालकांच्या सोसायटीच्या) नियमामुळे ट्रेलर घरासमोर उभा करता येत नाही. ट्रेलरच्या देखभालीचे दर, मोटरहोमचं कोटेशन आणि कराचे आकडे सोबत जोडले आहेत. घ्यावा का?

उत्तर: सहल कराच. आईंना तंबूत जमिनीवर झोपवणं शक्य नाही आणि रात्री टॉर्च घेऊन सार्वजनिक टॉयलेटपर्यंत चालवणंही बरोबर नाही. पलंग आणि टॉयलेट सोबत हवं ही तुमची गरज खरी आहे. पण ती सहा रात्रींची गरज आहे आणि तुम्ही सही करताय १२ वर्षांवर.

मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. एचवन-बीवर असताना नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा निघायची तयारी करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. घर विकायलाही तेवढ्यात धावपळ होते. त्यात नोव्हेंबरात मिशिगनमध्ये ट्रेलरला गिऱ्हाईक कुठून आणणार? शिवाय ८,१६० काढले की बचत १३,८४० वर येते. आज चार महिन्यांचा खर्च हाताशी आहे, तो अडीच महिन्यांवर येईल. तुमच्या व्हिसाच्या स्थितीत मी सहा महिन्यांपेक्षा कमी ठेवू देणार नाही.

आता ३२५ च्या हप्त्याबद्दल. १२ वर्षांत फक्त व्याजच सुमारे १६,७६० डॉलर जातं. त्यावर विमा, ट्रेलर ठेवायची जागा (तुमच्या एचओएत घरासमोर उभा करता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय), टायर, छताचं सीलिंग आणि दर हिवाळ्याआधी पाइपांतलं पाणी काढून अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरणं. तुम्ही काढलेल्या दरांनी हे वर्षाला २,०५० होतं. समजा पाच वर्षांनी विकलात आणि निम्मी किंमत आली, म्हणजे १८,०००. तेव्हा कर्ज उरलेलं असेल सुमारे २०,८००. म्हणजे ट्रेलर देऊन वर २,८०० खिशातून घालायचे. आधी भरलेले पैसे, ६० हप्ते, देखभाल आणि ही तूट धरली तर पाच वर्षांत ४०,७०० डॉलर जातात.

आणि हा ट्रेलर ओढणार कोण? तुमच्याकडे टोयोटाची सिएना मिनिव्हॅन आहे, तिची ओढण्याची कमाल क्षमता २०२० पर्यंतच्या मॉडेलला ३,५०० पौंड आणि २०२१ पासूनच्या हायब्रिडला १,५००. ट्रेलरचं रिकामं वजनच ४,८०० आहे, पाणी-सामान वेगळं. म्हणजे पिकअपही घ्यावा लागेल, आणि वरच्या ४०,७०० मध्ये तो धरलेलाच नाही. डीलरने हे आधी विचारायला हवं होतं.

करसवलतीचं खरं-खोटं असं: झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेला ट्रेलर आयकर खात्याच्या लेखी दुसरं घर ठरू शकतो, हे बरोबर. पण व्याज वजा करायचं तर स्टँडर्ड डिडक्शन (सगळ्यांना सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) सोडावं लागतं. पतिपत्नींच्या एकत्र रिटर्नला २०२५ साठी ते ३१,५०० होतं. तुमचं घराचं व्याज ११,०००, राज्याचा आणि मालमत्तेचा कर मिळून १३,०००, ट्रेलरचं पहिल्या वर्षीचं व्याज २,३४०. बेरीज २६,३४०, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा कमीच. सवलत शून्य.

भाड्याचा हिशेब तुमच्याच कोटेशनवरून: १९० प्रमाणे सहा रात्री, विमा, तयारीचं शुल्क आणि कर मिळून १,५९०. जाऊन-येऊन जवळपास ५०० मैल, गॅलनला ९ मैल, म्हणजे पेट्रोलचे १९५. एक सहल साधारण १,८००. दरवर्षी दोन केल्या तरी पाच वर्षांत १८,०००, आणि एखाद्या वर्षी जमलं नाही तर त्या वर्षी खर्चच नाही. ट्रेलर उभा राहिला तरी हप्ता चालूच.

भाड्याने घेताना काही गोष्टी विचारून घ्या. तुमची कार पॉलिसी किंवा क्रेडिट कार्डाचं संरक्षण मोटरहोमला लागू होईल असं धरून चालू नका, बहुतेकदा होत नाही. जनरेटरचे पैसे तासावर लावतात, म्हणून पार्कात विजेची जोडणी असलेली जागाच घ्या. सांडपाण्याच्या टाक्या पार्कच्या डंप स्टेशनवर रिकाम्या करूनच गाडी परत द्या, नाहीतर त्याचे वेगळे पैसे कापतात. आणि आईंसाठी खालचा, मागचा पलंग हवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाला शिडी असते. पायऱ्या किती उंच आहेत तेही प्रत्यक्ष पाहून या.

पार्कची जागा मात्र गाडीच्या आधी पक्की करा. मिशिगनच्या स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे जुलैसाठी जानेवारीत, आणि लडिंग्टनच्या जागा भराभर जातात. एका बाजूला लेक मिशिगन, दुसरीकडे हॅम्लिन लेक. मुलांना हॅम्लिनचं पाणी जास्त मानवेल, कारण ते उबदार असतं. बिग सेबल पॉइंटचा दीपस्तंभ कॅम्पग्राउंडपासून जवळपास दोन मैल चालत आहे. तिथे मुलांना घेऊन एकाने जा, दुसऱ्याने आईंजवळ थांबा.

जानेवारीपासून महिन्याला ३५० वेगळ्या खात्यात टाका. सहा महिन्यांत २,१०० होतात. गाडी, पेट्रोल आणि जागेचे सुमारे २४० त्यातून भागतात आणि २२,००० ला हात लागत नाही. ग्रीन कार्ड हातात आल्यावर, दोन-तीन उन्हाळे खरोखर असे घालवून झाल्यावर पुन्हा लिहा. तेव्हा तुमच्या गाडीच्या क्षमतेच्या आतला जुना, रोखीने घेतलेला ट्रेलर आपण एकत्र बसून पाहू.