जलरंगाचे स्केचबुक रोज चालू ठेवण्याविषयी

बँकेतील नोकरी आणि घर सांभाळून जलरंगाचे स्केचबुक नियमित कसे चालू ठेवावे, असे आपण विचारले आहे. सुरुवातीची काही पाने उत्साहाने भरतात, मग एखादे पान बिघडते आणि वही कपाटात जाते, कागदाला लाटा येतात, रंग मळतात, आणि कोल्हापुरात राहून रोज नवे काय काढावे हेही सुचत नाही, असे आपण लिहिले आहे. या सगळ्या अडचणींचे मूळ मला एकाच ठिकाणी दिसते, ते म्हणजे आपण वहीच्या प्रत्येक पानाकडून पूर्ण चित्राची अपेक्षा करता आहात. स्केचबुकाचे काम वेगळे आहे. समोरच्या दृश्याविषयी एकच प्रश्न मनाशी धरावा आणि तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर रंगात शोधावे. उत्तर मिळाले की ते पान पुरे झाले, मग अर्धा कागद कोरा राहिला तरी हरकत नाही.

उदाहरण म्हणून गंगावेशीतला दूध कट्टा घ्या. तिथे संध्याकाळी म्हशी बांधलेल्या असतात आणि गिऱ्हाईक समोर काढलेले धारोष्ण दूध पीत उभे असते. हे सगळे एका पानावर आणायला गेलात, तर गर्दी, दुकाने, चरव्या आणि माणसे यांतच वेळ संपेल. त्याऐवजी एवढाच प्रश्न घ्या की, म्हैस खरोखर काळी दिसते का. नीट पाहिल्यावर लक्षात येते की, पाठीवर आकाशाचा उजेड पडल्यामुळे तो भाग निळसर राखाडी असतो, पोटाच्या खालच्या बाजूला रस्त्यावरून परतलेल्या उजेडाची तांबूस ऊब असते, आणि ज्याला निखळ गडद म्हणता येईल असा रंग कानाच्या आत, मानेखाली आणि मागच्या पायांमध्ये, एवढ्याच जागी असतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोनच रंगांत हे सारे बसते. पाठीसाठी निळा जास्त आणि पाणीही जास्त, पोटाकडे सिएना वाढवत न्यायचा, आणि गडद जागांसाठी दोन्ही रंग जवळजवळ पाण्याशिवाय घ्यायचे. पाठीच्या कण्यावरची चकाकी म्हणजे मोकळा सोडलेला कागद. ट्यूबमधला तयार काळा रंग इथे वापरला तर म्हशीचा नुसता कापून चिकटवलेला आकार उरतो, म्हणून निदान वर्षभर तो पेटीतून काढून ठेवावा असे माझे मत आहे. जलरंग वाळल्यावर फिका होतो हेही ध्यानात ठेवावे. ओला असताना जो गडदपणा किंचित जास्त वाटतो, तोच वाळल्यावर बरोबर बसतो.

जनावर स्थिर राहत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. म्हैस मान हलवते, शेपूट हलवते, पण उभी राहण्याची ढब बराच वेळ बदलत नाही आणि मानही पुन्हा पुन्हा त्याच जागी येते. म्हणून एकाच पानावर तीन-चार अपुरी रेखाटने सुरू ठेवावीत आणि जी ढब परत येईल तिच्यावर पुढे काम करावे.

रोज नवे काय काढावे, या प्रश्नाला माझे उत्तर उलटे आहे, ते असे की नव्या जागांच्या मागे लागू नये. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत याचा मोठा दाखला आहे. शाहू महाराजांच्या दरबारी असलेले आणि १९३१ मध्ये निवर्तलेले आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ आणि रंकाळा या तलावांचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. पाणी, झाडे आणि काठ तेच, मात्र प्रहर आणि हवा बदललेली. आपणही रंकाळ्याच्या पूर्वेकडील पदपथावरची एक जागा ठरवून घ्या. शालिनी पॅलेस पश्चिम काठावर असल्यामुळे सकाळी त्याच्या आपल्याकडील भिंतींवर ऊन असते आणि दगडाचे थर, कमानी, मनोरा वेगवेगळे दिसतात. संध्याकाळी सूर्य त्याच्या मागे जातो, तेव्हा इमारत आणि भोवतालची झाडे मिळून एकच गडद आकार होतो. सकाळच्या पानाचा प्रश्न सावल्यांच्या कडांचा असेल, संध्याकाळच्या पानाचा प्रश्न त्या एका आकाराचा. संध्याकाळी झाडाचा हिरवा आणि दगडाचा काळपट रंग वेगवेगळा वाळवत बसू नये. ओल्यातच एकाला दुसऱ्यात मिसळू द्यावे, म्हणजे इमारत कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होते हे पाहणाऱ्यालाही शोधावे लागते, जसे आपल्याला तिथे उभे राहून लागते. रंकाळ्याच्या पाण्यातल्या संध्यामठाचेही तसेच आहे. पाणी चढले की तो बुडत जातो आणि उन्हाळ्यात त्याचे दगडी बांधकाम उघडे पडते, त्यामुळे वर्षभरात त्या एका वास्तूची कितीतरी वेगळी पाने होतील.

बाहेर जाणे जमत नसेल तेव्हा घरातली वस्तू पुरते. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली वांगी चिरण्यापूर्वी ताटात मांडून ठेवली, तरी जांभळ्यावर खिडकीचा उजेड कोणत्या रंगाचा पडतो हा प्रश्न आठवडाभर पुरतो. दाराशी काढलेली कोल्हापुरी चप्पलही उत्तम विषय आहे, कारण नव्या चामड्याचा पिवळसर रंग यलो ऑकरकडे झुकतो आणि वापरून, तेल पाजून मुरलेला रंग बर्न्ट सिएनाकडे जातो.

वेळेबद्दल सांगायचे तर स्वतंत्र तास शोधू नये. दिवसात जिथे आपण तसेही थांबतो, त्या थांब्याला काम जोडावे, मग तो बँक उघडण्यापूर्वीचा असो किंवा संध्याकाळच्या चहाचा. पंधरा मिनिटे पुरेशी आहेत, मात्र सामान पिशवीत तयार हवे. त्यासाठी सहा ते आठ रंगांची लहान डबी, आठ नंबरचा एक गोल ब्रश, पाण्याची छोटी बाटली, सुती फडके आणि पेन्सिल एवढेच लागते. मोबाइलवर फोटो काढून घरी रंगवण्याची सवय सुरुवातीला टाळावी, कारण कॅमेरा सावल्या जास्त काळ्या करतो आणि आपण नेमके त्या सावल्यांतले रंग शिकायला निघालो आहोत.

कागदावर मात्र खर्च करावा. ब्रश आणि रंग मध्यम दर्जाचे चालतील, कागद चालणार नाही. लाटा येण्याचे कारण असे की, भिजलेले तंतू फुगतात आणि पातळ कागद तो ताण पेलू शकत नाही. तीनशे जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभागाचा, कागद असलेली वही घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो. दोनशे जीएसएमची वही हाताशी असेल तर पानाच्या कडांना क्लिपा लावाव्यात आणि एका वॉशवर, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाच्या एकाच पातळ थरावर, थांबावे. शक्य असल्यास कापसाचा कागद घ्यावा. तो ओल धरून ठेवतो आणि दुसऱ्या वॉशमध्ये खालचा थर सहजासहजी उचलला जात नाही. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर रंग पृष्ठभागावरच राहतो आणि ब्रश पुन्हा फिरवला की निघून येतो, म्हणून तिथे दोष अनेकदा हाताचा नसून कागदाचा असतो.

रंग मळण्याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग जाणे, आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे, म्हणजे अर्धवट वाळलेल्या भागाला हात लावणे. वॉशवरची चमक जाऊ लागली की ब्रश उचलावा. त्या अवस्थेत पाण्याचा थेंब पडला तर तो रंगाचे कण बाहेर ढकलतो आणि झालरीसारखी कडा असलेला डाग उमटतो. एकतर पूर्ण ओल्यात काम करावे किंवा पूर्ण वाळल्यावर.

इथे कोल्हापूरच्या हवेचा विचार करावा लागतो. एप्रिलच्या दुपारी वॉश ओढून पूर्ण होण्याआधीच वाळतो, म्हणून तेव्हा लहान आकार आणि ठसठशीत कडांचे विषय घ्यावेत. जुलैमध्ये तोच वॉश बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे ढग, पाऊस, धुक्यात गेलेल्या टेकड्या हे ओल्यावर ओले करण्याचे विषय त्या दिवसांत फार सुंदर साधतात. पावसाळ्यात ओले पान मिटून वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये. दमट कागदाला बुरशी धरते आणि कागदाचे सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषले जाऊ नये म्हणून दिलेली खळ, खराब झाले की रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत शोषला जातो. रंगाची डबीही उघडी ठेवून वाळवूनच बंद करावी.

प्रत्येक पानाच्या कडेला वेळ, उजेडाची दिशा आणि वापरलेली मिश्रणे पेन्सिलने लिहावीत. माझ्या मते हे टिपण चित्राइतकेच मोलाचे आहे, कारण पुढे मोठे चित्र करताना त्याचाच आधार मिळतो. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांकही पाहण्याची सवय लावावी. पीआर ८३ म्हणजे अलिझरीन क्रिमसन उजेडात उडतो. मिटलेल्या वहीत तो टिकेल, पण पान फ्रेम करून भिंतीवर लावायचे असेल तर त्याऐवजी पीआर १२२ किंवा पीव्ही १९ असलेला क्विनॅक्रिडोन जातीचा टिकाऊ रंग घ्यावा.

शेवटी एक आग्रहाची विनंती करतो. राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलादालन एकदा वही घेऊन पाहावे. चित्रपट अभिनेते म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या मांडरे यांनी (१९१३–२००१) आयुष्यभर निसर्गचित्रे केली. मूळ चित्र हातभर अंतरावरून पाहताना जे कळते ते छापील प्रतीत कळत नाही. दूरच्या डोंगराला किती कमी तपशील दिला आहे, कोणती कडा विरघळवली आहे आणि कोणती धारदार ठेवली आहे, सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागा एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, एवढेच पाहावे. आवडलेल्या एका चित्राचे फक्त उजेड, मध्यम आणि गडद असे तीन टप्पे पेन्सिलने तळहाताएवढ्या चौकटीत उतरवून घ्यावेत, आणि दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर त्याच तीन टप्प्यांत समोरचे दृश्य बसते का ते रंगाने तपासावे.