वर्षातून एकदा मोजून बेडूक-सरडे घटतायत का ते कळतं का?

तुमचा प्रश्न असा, की डोंगरउतारावर दरवर्षी एकदा मोठी मोजणी केली तर पुरेल का? माझ्या मते नाही. सर पडून गेलेल्या दमट रात्री एका ओढ्यावर ४० बेडूक दिसतात. चार दिवसांनी कोरडा वारा सुटला की तिथेच ४. बेडूक कुठे गेलेले नसतात, फटींत दडलेले असतात.

म्हणून एकाच हंगामात त्याच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. एखादी जात एका फेरीत दिसण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर तीन फेऱ्यांनंतरही ती असून न सापडण्याची शक्यता ३४ टक्के उरते. सहा फेऱ्यांनी ती १२ वर येते. रिकाम्या फेरीचीही नोंद हवीच. वह्यांतून नेमकी तीच गायब असते!

दर २०० मीटर उंचीला दोन-तीन पट्टे आखा, प्रत्येक १०० मीटर लांब, २ मीटर रुंद. चालायला सोपं म्हणून पायवाट धरू नका. किती माणसांनी किती मिनिटं शोधलं, हवेचं तापमान, आर्द्रता, वारा, शेवटचा पाऊस, हे दर फेरीला लिहा. हजार मीटर चढलं की हवा साधारण ६.५ अंशांनी गार होते, त्यामुळे पायथ्याशी बेडूकमासे पोहत असताना माथ्यावर अजून अंडीही नसतात. फेऱ्या कॅलेंडर बघून नव्हे, त्या त्या उंचीचा हंगाम बघून ठरवा.

दगड उलटताना पलीकडची कड धरून स्वतःकडे उचला. खाली साप असला तर मध्ये दगड राहतो. ठेवताना आधी प्राणी बाजूला घ्या, दगड होता तसाच त्याच खळग्यात बसवा, मग प्राण्याला कडेशी सोडा, तो आपणच आत शिरतो. दगड जरा तिरका राहिला तरी खालची ओल उडते आणि पुढच्या फेरीत तुम्हीच केलेली घट तुम्ही मोजता. त्यापेक्षा प्राण्यांना खाली लपता येईल असे प्लायवुडचे तुकडे काही आठवडे आधी टाकून ठेवलेले बरे.

बुटांवरून कायट्रिड बुरशी, म्हणजे बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारणारी बुरशी, एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते. आधी ब्रशने चिखल काढा, मगच ब्लीच. चिखलात ब्लीच निकामी होतं. बेडूक धरायचाच असेल तर दर बेडकाला नवे, ओले केलेले, पावडर नसलेले हातमोजे. डास पळवणारं मलम लावलेल्या हातांनी तर मुळीच नाही, बेडकांची कातडी सगळं शोषून घेते.