न मागता बिल का येत नाही?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही उभयता पॅरिसला गेलो होतो. एका लहान उपाहारगृहात जेवण आटोपल्यावर पाऊण तास बसून राहिलो, तरी वेटरने बिल आणले नाही. पाव त्याने ताटलीविना थेट टेबलावरच्या कापडावर ठेवला आणि गोड पदार्थासोबत मागितलेली कॉफी तो पदार्थ संपल्यावरच दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता तर दारातूनच परतावे लागले. आम्ही परके म्हणून आमचा अनादर झाला का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु या चारही गोष्टी फ्रेंच गिऱ्हाइकाच्याही वाट्याला येतात. कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याची वाटी रिकामी होण्याआधीच वाढपी भांडे घेऊन शेजारी उभा राहतो आणि त्यातूनच आपल्याला आपुलकी जाणवते. जेवण होताच बडीशेपेबरोबर बिल आले, तरी दारात माणसे ताटकळत असल्यामुळे त्याचे कोणाला काही वाटत नाही. फ्रान्समध्ये मात्र न मागता बिल पुढे ठेवणे म्हणजे ‘आता उठा’ असे सुचवणे होय. त्यामुळे वेटर मुद्दाम दूर राहतो, आणि त्याची नजर आपल्याकडे वळताच ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हटले की बिल घेऊन येतो. १९८७ पासून तेथील दरपत्रकातल्या किमतींत सेवाशुल्क धरलेलेच असते, तेव्हा टीप देण्याची सक्ती नाही.

साध्या उपाहारगृहांत पावाला वेगळी ताटली नसतेच. तुकडा कापडावर ठेवून हाताने मोडत खायचा असतो, आणि घरगुती जेवणात ताटलीत उरलेला रस्साही त्यानेच निपटून घेतात. भाकरीवर वाढलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कॉफीचे कारण पदार्थांच्या क्रमात आहे. आधी हलका पदार्थ, मग मुख्य पदार्थ, त्यानंतर चीज, मग गोड आणि शेवटी कॉफी, असा तो क्रम आहे. युनेस्कोने २०१० मध्ये फ्रेंच लोकांच्या मेजवानीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा एकत्र बसण्याच्या रीतीबरोबर या क्रमाचाही विचार केला होता. मला स्वतःला याहून मोलाची वाटते ती या क्रमामागची हकीकत. जुन्या फ्रेंच मेजवान्यांत एका फेरीचे सगळे पदार्थ, आपल्या ताटासारखे, एकदमच मांडले जात. एकामागून एक वाढण्याची पद्धत तेथे एकोणिसाव्या शतकात रुजली आणि तिला आजही ‘रशियन पद्धत’ म्हणतात.

राहिला दुपारचा प्रसंग. तेथे दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे सातनंतर मिळते. मधल्या वेळेत बहुतेक ठिकाणी भटारखाना बंद असतो. पुन्हा जाल तेव्हा अशा अवेळी ‘सर्व्हिस काँतिन्यू’ अशी पाटी असलेली जागा शोधावी आणि आत शिरताच, टेबल मागण्याआधी, ‘बाँजूर’ म्हणावे.