पहिलं पुस्तक येतंय. प्रसिद्धीसाठी सगळ्या सोशल मीडियावर खाती उघडावीत का?

नको. तुमचे वाचक जिथे आधीपासून रमतात असं एकच माध्यम निवडा आणि पुस्तक येण्याच्या चार-सहा महिने आधीच तिथे लिहायला लागा. माझ्या दोन पुस्तकांच्या वेळी एक गोष्ट लक्षात आली: ‘आजपासून उपलब्ध, जरूर घ्या’ या पोस्टखाली अभिनंदनांचा पाऊस पडतो, खरेदी मात्र तुरळक. पुस्तकातला एखादा परिच्छेद, गाळलेलं प्रकरण, मुखपृष्ठाचे नापसंत झालेले नमुने, संशोधनात सापडलेली एखादी गंमत असं काही टाकलं की अनोळखी लोक थांबून वाचतात, आणि पुस्तक घेणारे बहुतेक त्यांच्यातलेच निघतात. फेसबुकवर वेगळं ‘लेखक पेज’ काढायची घाई करू नका. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने पेजच्या पोस्टपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून पैसे न भरता पेज फार लांब पोचत नाही. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरात टाकलेली लिंक उघडतच नाही (हे कित्येकांना उशिरा कळतं!), म्हणून खरेदीची लिंक बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या छोट्या परिचयात, ठेवा. कमेंटना उत्तरं मात्र स्वतः द्या, प्रकाशकाच्या माणसावर सोपवू नका. पुस्तक लहान मुलांसाठी असेल तर हिशेब थोडा बदलतो: वाचणारी मुलं तिथे नसतात, विकत घेणारे पालक आणि शिक्षक असतात, तेव्हा लिहायचं त्यांच्यासाठी.