मेंब्रेनमध्ये (पाणी गाळायच्या पातळ पडद्यात) नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) वाढवले की पाणी जास्त शुद्ध होतं का? परभणीकडच्या बोअरच्या जड पाण्याला ते चालेल का?

नाही होत. उलट एका मर्यादेनंतर मेंब्रेन बिघडतं. एमएस्सीला संभाजीनगरला असताना मी ते स्वतः बिघडवलंय.

मेंब्रेन बनतं असं: पॉलिसल्फोन या प्लास्टिकचे दाणे एनएमपी या द्रावकात रात्रभर ढवळत ठेवायचे. पाकासारखं घट्ट झालं की काचेवर ओतून पातळ पसरायचं आणि काच तशीच पाण्यात बुडवायची. काचेसारखा नितळ थर बघता बघता दुधासारखा पांढरा होतो. द्रावक बाहेर पडतो, पाणी आत शिरतं आणि त्या गडबडीत छिद्रं तयार होतात. (मला अजूनही ते बघायला आवडतं.)

पॉलिसल्फोन दणकट, पण पाण्याशी त्याचं फारसं जमत नाही. शेवाळ, सेंद्रिय घाण त्याला चिकटते आणि धार बारीक होत जाते. म्हणून त्यात पीव्हीपी किंवा पीईजीसारखं पाणी धरणारं पॉलिमर मिसळतात. त्यातलं बरंचसं धुऊन जातं आणि छिद्रं वाढवतं, उरलेलं पृष्ठभाग ओलसर ठेवतं. टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकणही पाणी धरून ठेवतात, त्यामुळे घाण घट्ट बसत नाही आणि उलट्या धारेनं निघते. चांदीचे कण जंतू मारतात, पण हळूहळू पाण्यात उतरतात.

मी हावरटपणे पहिल्याच वेळी 5 टक्के टायटॅनियम घातलं. काचेवर साध्या डोळ्यांनी ठिपके दिसत होते. सर म्हणाले, "पिठलं केलंस काय गं?" अगदी तसंच होतं. बेसन आधी पाण्यात नीट कालवलं नाही तर गुठळ्या होणारच. दाब दिल्यावर मेंब्रेन त्या गुठळ्यांपाशीच फाटलं. नंतर कण आधी नुसत्या द्रावकात अल्ट्रासॉनिकवर (ध्वनिलहरींच्या यंत्रावर) फोडून घेतले, मग पॉलिमर घातलं, तेव्हा 1 टक्क्याच्या आसपास जमलं.

आता तुमचं बोअर. वर सांगितलेलं मेंब्रेन अल्ट्राफिल्ट्रेशनचं. छिद्रं साधारण 0.01 ते 0.1 मायक्रॉनची, म्हणजे गाळ आणि जिवाणू अडतात, पण विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम आरामात पार होतं. कितीही नॅनोकण घाला, साबणाला फेस येणार नाही. त्यासाठी आरओ किंवा नॅनोफिल्ट्रेशन, म्हणजे विरघळलेले क्षारही अडवणारी मेंब्रेनं. नॅनोकण तिथंही वापरून पाहिलेत: 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी आरओच्या पॉलिअमाइड थरात (मीठ अडवणाऱ्या पातळ थरात) झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे कण घातले. मीठ पूर्वीइतकंच अडलं आणि पाणी जास्त आलं.

पण घरगुती आरओ एका तांब्यामागं दोन-तीन तांबे सहज नालीत सोडतो. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात राहून मला तरी ते सोसत नाही. सोडलेलं पाणी फरशीला, संडासला वापरा. झाडांना नको, त्यात क्षार वाढलेले असतात.

आधी पाणी तपासून घ्या. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरमागं 500 मिलिग्रॅमच्या आत आणि कठीणपणा (पाण्याचा जडपणा) 200 मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओ घेऊच नका. आकडे इथंच खाली टाका, बघून सांगते.