काला मोतिया पिकत नसतो

यावेळी काचबिंदूवरचीच पत्रं जास्त आली, त्यामुळे चष्म्याचे नंबर आणि मुलांच्या मोबाइलचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नावं छापत नाही, फक्त वस्ती लिहिते, म्हणजे शेजारच्यांनी ओळखलं तर तक्रार माझ्याकडे यायला नको.

मी ५८ वर्षांची, रामबागेत राहते. मोतीबिंदू आहे का बघायला गेले तर डॉक्टर म्हणाले काला मोतिया आहे, रोज रात्री एक थेंब घाला, कायमचा. डोळ्याचं प्रेशर १८ निघालं, ते तर नॉर्मल असतं ना? डोळा दुखत नाही, पेपर वाचते, सुईसुद्धा ओवते. दोन महिने थेंब घातला, काडीचा फरक पडला नाही म्हणून सोडला. हे म्हणतात, मोतिया पिकला की एकदाच ऑपरेशन करून टाकू. बरोबर आहे का?

नाही हो ताई. पण यात तुमच्यापेक्षा त्या शब्दाची चूक जास्त आहे. आपण इंदूरची मराठी माणसं घरात काचबिंदू म्हणतो पण ओपीडीत सगळा कारभार हिंदीत, तिथे मोतीबिंदू म्हणजे सफेद मोतिया आणि काचबिंदू म्हणजे काला मोतिया, मग ऐकणाऱ्याला वाटतं हे सख्खे भाऊ, एक गोरा एक सावळा. नात्यागोत्याचा काही संबंध नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत भिंग अगदी स्वच्छ असू शकतं, वाळत जाते ती मागची नस, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी. तिच्यात साधारण १० ते १२ लाख तंतू असतात आणि त्यातला जो गेला तो आजच्या घडीला कुठल्याही थेंबाने, लेसरने, ऑपरेशनने परत येत नाही. म्हणजे इथे पिकण्यासारखं काही नाहीच. वाट बघितली तर फक्त नस जाते.

आता ते १८. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं (अश्रू नव्हे, ते बाहेरचं खातं) आणि बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी असते तिच्यातून ते वाहून जातं. मोरीच्या जाळीत भाताची शितं अडकली की पाणी तुंबतं ना, तसं ही जाळी चोंदली की आतलं प्रेशर वाढतं आणि नसेवर ताण येतो. १० ते २१ हा आकडा फक्त एवढंच सांगतो की बहुतेक निरोगी लोकांचं प्रेशर या टप्प्यात असतं, तुमच्या नसेला किती झेपतं ते त्या आकड्याला काय माहीत? कुणाची नस २४ लाही ठणठणीत असते, कुणाची १६ लाच खचते. त्यात प्रेशर दिवसभर एकसारखं नसतं, बऱ्याच जणांचं पहाटे जास्त असतं आणि आपण मोजतो दुपारी. शिवाय डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, तुमचा पडदा त्याहून पातळ असेल तर मशीन खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. (चष्मा काढायचं लेसर करून घेतलेल्यांनी हे आवर्जून सांगायचं, कारण त्या लेसरमध्ये हाच पडदा पातळ करतात.) म्हणून नुसत्या प्रेशरवर काचबिंदू ठरवत नाहीत, नस बघतात, ओसीटी (नसेच्या थराची जाडी मोजणारा स्कॅन) काढतात, जाळीचा कोपरा उघडा आहे की बंद ते आरशाची लेन्स लावून बघतात आणि फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी, करतात, ती अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायची. पहिल्या खेपेला ती बहुतेकांची वाईटच येते, कुणाला डुलकी लागते, घाबरायचं नाही, परत करायची.

सुई ओवण्याचं म्हणाल तर ते मधल्या नजरेचं काम, आणि काचबिंदू साधारणपणे कडेकडेने कुरतडत येतो, मध्य शेवटी. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, वर मेंदू रफू करतो, त्यामुळे काळं भोक वगैरे काही दिसत नाही, जे गेलंय ते गेलंय हेच कळत नाही. फार तर जिन्याची शेवटची पायरी चुकते, जेल रोडवर बाजूने आलेली स्कूटर 'एकदम कुठून आली' असं वाटतं आणि आपण स्कूटरवाल्याला शिव्या घालतो.

आणि फरक पडला नाही हीच तर चांगली बातमी आहे! हा थेंब नजर वाढवायला नसतोच, उरलेली सांभाळायला असतो, बीपीच्या गोळीसारखा. स्वीडनमध्ये याचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात प्रेशरचा आकडा १ ने कमी झाला की आजार पुढे सरकायचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होताना दिसला. तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि दोन महिने घालून थेंब सोडला होता हे खरं खरं सांगा. पेशंट हेच लपवतात, मग आम्हाला वाटतं थेंबाने काम केलं नाही आणि आम्ही दुसरा थेंब वाढवून देतो, खर्च तुमचा. जाताना सख्ख्या बहीणभावांना सोबत न्या आणि मुलं चाळिशीला आली असतील तर त्यांनाही, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार असेल तर धोका कितीतरी पट वाढतो.

मुलगा २२ वर्षांचा. गेल्या वर्षी रंगपंचमीच्या गेरीत (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत) डोळ्यात गुलाल गेला, डोळे लालभडक झाले, मेडिकलवाल्याने एक थेंब दिला, दोन दिवसांत आराम. तेव्हापासून डोळा खाजला की तोच घालतो. आता महिनाभर म्हणतोय धूसर दिसतं. चष्मा लागला असेल का? बाटलीचा फोटो पाठवतेय. — सुदामा नगर

फोटो बघून मी हातातला चहा खाली ठेवला. बाटलीवर मोठ्या अक्षरात अँटिबायोटिकचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. स्टेरॉइडचा थेंब वाईट नसतो, आम्हीच ऑपरेशननंतर देतो, पण मोजून देतो, हळूहळू कमी करत बंद करतो आणि मधे प्रेशर बघतो. आठवडेच्या आठवडे घातला की काही लोकांत तीच जाळी तुंबते, साधारण तिघांत एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं आणि वीसात एखाद्याचं भलतंच वाढतं, तो एखादा कोण हे आधी कळत नाही. दुखत काही नाही, उलट डोळा पांढराशुभ्र आणि थंडगार वाटतो म्हणून माणूस खूश. वरून याच थेंबाने तरण्याताठ्या वयात मोतीबिंदू पण होतो, धूसर दिसण्याचं कारण तेही असू शकतं.

तर चष्म्याच्या दुकानात नाही, उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या. वेळेत बंद झाला तर प्रेशर बरेचदा खाली येतं, नसेचं जे नुकसान झालं असेल ते मात्र तसंच राहतं. प्रेडनिसोलोन, बेटामेथासोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ही सगळी त्याच कुळातली नावं, दवा बाजारातून आणा की गल्लीतल्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय घ्यायची वस्तू नाही. दम्याचा पंप किंवा चेहऱ्याला लावायचं स्टेरॉइडचं मलम चालू असेल तर तेही सांगायचं. गेर मलाही आवडते, पण मी राजवाड्याजवळच्या एका ओळखीच्या गॅलरीतून बघते. खाली उतरायचंच असेल तर साधा गॉगल घाला आणि रंग गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका.

वय ५२, लहानपणापासून प्लसचा चष्मा. रात्री सराफ्यात खायला गेले की दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात, मग एका बाजूचं डोकं ठणकतं, मळमळतं. घरी येऊन झोपलं की सकाळी ठीक. घरचे म्हणतात रात्री अकराला गराडू (तळलेला कंद) खाल्ल्यावर ॲसिडिटी होणारच. — लोकमान्य नगर

गराडू निर्दोष असायची शक्यता मला बरीच वाटते. प्लसचा नंबर म्हणजे डोळा जरा आखूड, आत जागा कमी. रात्री बाहुली मोठी झाली की बुबुळ पुढे सरकून त्या जाळीचं तोंडच दाबलं जातं, प्रेशर एकदम चढतं, दिव्यांना कडी दिसतात, डोकं धरतं. झोपेत बाहुली बारीक होते, तोंड मोकळं होतं आणि सकाळी सगळं ठीक. बायकांत, त्यातही पन्नाशीच्या आसपास, हा प्रकार जास्त. अशा बायका ॲसिडिटी आणि मायग्रेनच्या गोळ्या खात वर्षं काढतात.

याच आठवड्यात कोपरा तपासून घ्या. बंद निघाला तर बुबुळाला लेसरने एक बारीक भोक पाडतात, ओपीडीत बसल्या बसल्या, काही मिनिटांचं काम, आणि दोन्ही डोळ्यांना करावं लागतं कारण ठेवण दोघांची सारखीच. सोबत मोतीबिंदू असेल तर कधी कधी तेच ऑपरेशन आधी करतात, भिंग निघालं की आत जागा होते. तोवर सर्दीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यातल्या काही बाहुली मोठी करतात. आणि एखाद्या रात्री डोळा लाल होऊन दगडासारखा कडक झाला, उलट्या सुरू झाल्या, समोर धुकं आलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं आणि पोट नाही, डोळा दुखतोय असं आधी सांगायचं.

काचबिंदू आहे. शीर्षासन चालेल का? — मनोरमागंज

नाही. चेन्नईत योग करणाऱ्यांवर मोजमाप झालं होतं, शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. सर्वांगासन, अधोमुख श्वानासन हेही नको. श्वास कोंडून जड वजनं उचलणं आणि पोहायचा घट्ट गॉगलही टाळा. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर पाणी एका दमात प्यायची सवय असेल तर तेवढंच पाणी तासाभरात थोडं थोडं प्या, कारण लिटरभर एकदम प्यायलं तर प्रेशर काही वेळ वाढतं. चाला, भरपूर चाला.

वडिलांचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं. इतके पैसे गेले आणि नजर आधी होती त्यापेक्षा कमीच वाटते. आम्हाला फसवलं का? आता कुणी म्हणतं आधी लेसर करायला हवं होतं. — राजेंद्र नगर

कागदपत्रं बघितली. फसवलं असं मला दिसत नाही, पण तुम्हाला आधी नीट समजावून कुणी सांगितलं नाही, आणि ती तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. वडिलांना दोन थेंब आणि गोळी चालू असताना प्रेशर ३० च्या वर होतं, नजरेचा घेर जवळपास संपलेला. अशा वेळी वरच्या पापणीखाली पाण्याला नवी वाट करून देतात, ट्रॅबेक्युलेक्टमी, १९६८ पासून चालत आलेलं ऑपरेशन आहे आणि अजून टिकून आहे. पहिले काही आठवडे धूसर दिसतं, नंबर बदलतो, बहुतेकांचं सावरतं, फार पुढे गेलेल्या आजारात थोडी नजर कधी कधी जातेही. आता प्रेशर १२ आहे, म्हणजे ऑपरेशनने आपलं काम केलंय. पुढे आयुष्यभर एक लक्षात ठेवा, तो डोळा लाल झाला, चिकटला, दुखला तर त्याच दिवशी दाखवायचं, त्या नव्या वाटेवर पापणीखाली जो फुगवटा होतो त्यातून इन्फेक्शन आत जायला वेळ लागत नाही.

लेसरचं जे ऐकलंत ते वेगळ्या पेशंटसाठी. कोपरा उघडा असेल आणि आजार सुरुवातीचा असेल तर थेंबाच्या आधीच एसएलटी, म्हणजे त्या जाळीवर करायचं लेसर, करता येतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधला ७१८ पेशंटचा अभ्यास आला, त्यात लेसर केलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनीही थेंब लागत नव्हता. पण त्याचा असर काही वर्षांनी ओसरतो, तपासण्या सुटत नाहीत. तुमच्या वडिलांना त्या अवस्थेत तेवढ्याने भागलं नसतं. तुमचा स्वतःचा डोळा मात्र अजून दाखवला नाही असं पत्रावरून वाटतंय.

आजी ७६ वर्षांच्या. एकादशीला निर्जळी असतात, थेंब घशात उतरतो, कडू लागतो, उपास मोडतो म्हणून त्या दिवशी घालतच नाहीत. चतुर्थीलाही तेच. समजवा. — नारायण बाग

आजींचं निरीक्षण एकदम बरोबर आहे, थेंब घशात उतरतोच, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून नाकात आणि नाकातून घशात. वर्षाच्या २४ एकादश्या आणि त्यात चतुर्थ्या, म्हणजे महिन्याभराहून जास्त दिवस नस उघड्यावर पडते. वाद घालू नका, तऱ्हा शिकवा. मान मागे, खालची पापणी ओढून खोबणीत एकच थेंब (दुसरा गालावरच जातो), मग डोळे हलके मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. घशात फारसं काही उतरत नाही आणि औषधही अंगात कमी भिनतं, आजींना दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते फार महत्त्वाचं, टिमोलॉलसारखा थेंब अशांना चालत नाही, डॉक्टरांना विचारून घ्या. दोन वेगळे थेंब असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. आणि थरथरत्या हाताने बाटली पिळता येत नसेल तर नातवाने घालायचा, रात्री साडेनऊला, हरिपाठ झाला की.