छोट्या सामाजिक संस्थेने ॲप बनवावं की वेबसाइट?

ॲप नको. वेबसाइटचंही नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या देणगीदारांची आणि कार्यकर्त्यांची यादी आत्ता कुणाकडे आहे? "अमक्याच्या मोबाइलमध्ये" असं उत्तर असेल, तर तो मोबाइल बंद पडला की तुमचं काम थांबलं.

इतकं तावातावाने लिहितोय, कारण आमचं तसंच झालं. आम्ही गरजूंना रक्तदाते जोडून द्यायचो. एका हुशार मुलाने वेबसाइट करून दिली, एक पैसा न घेता, रात्री जागून. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, त्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर. मी बैठकीत म्हटलं होतं, डोमेन संस्थेच्या नावावर करा, पासवर्ड दोघांकडे ठेवा. सचिवांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "पोरगं फुकट राबतंय आणि तुम्ही त्याच्यावर अविश्वास दाखवताय!" मी गप्प बसलो.

पुढे मुलगा नोकरीसाठी लांब गेला. जुना ईमेल बघणं त्याने सोडलं, आणि डोमेनचे पैसे भरून मुदत वाढवण्याच्या सूचना तिथेच साचत राहिल्या. आम्हाला कळलं ते एका दात्याच्या फोनमुळे: "संस्था बंद पडली का हो तुमची?" मी पत्ता टाकून पाहिला. जिथे रक्तगटांचा तक्ता असायचा, तिथे 'हे डोमेन विकणे आहे' अशी पाटी आणि खाली कर्जाच्या जाहिराती. आमच्यासारखं डॉट ऑर्ग (.org) डोमेन मुदत संपल्याबरोबर हातचं जात नाही. रद्द झाल्यावरही साधारण ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. ते दिवसही आमचे तसेच गेले.

दात्यांची यादी वाचली ती एका ताईंमुळे. दर महिन्याला त्या ती स्प्रेडशीटमध्ये उतरवून ठेवायच्या. त्या एका फाइलवर आम्ही पुन्हा उभे राहिलो.

तेव्हा डोमेन आणि ईमेल संस्थेच्या नावावर घ्या, पासवर्ड दोघांकडे ठेवा, यादीची प्रत दर महिन्याला काढा. मेसेजिंगच्या ग्रुपला यादी समजू नका. शंभर-दोनशे नावांना स्प्रेडशीट पुष्कळ झाली. नावं हजारांवर गेली की सिव्हीसीआरएम हे संपर्क आणि देणग्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बघा, ते मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे आणि अशा संस्थांसाठीच बनवलेलं आहे. तरीही ॲपचा मोह सुटत नसेल तर केनियाचं बघा. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे हिंसाचार उसळला, तेव्हा काही ब्लॉगर आणि प्रोग्रॅमर मंडळींनी २००८ च्या सुरुवातीला 'उशाहिदी' नावाची वेबसाइट उभी केली. लोक एसएमएस आणि ईमेलने घटना कळवायचे आणि त्या नकाशावर दिसायच्या. कुणाला नवीन काही शिकावं लागलं नाही.

एक मात्र राहिलं. तुमचं काम बलाढ्य लोकांच्या विरोधातलं असेल, तर हीच यादी तुमच्या माणसांना गोत्यात आणू शकते. मग नाव आणि नंबर यापलीकडे काही नोंदवू नका, आणि बोलणं सिग्नल या मेसेजिंग ॲपवर, आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू करून करा. आमच्या कामाला तो धोका नव्हता, म्हणून मी वर बिनधास्त 'यादी जपा' म्हटलं.

वेबसाइट गेल्यावर त्या मुलाला मी फोन केला, तर तो रडवेला झाला. सगळ्यांनी खापर त्याच्यावरच फोडलं होतं. पासवर्ड दोघांकडे असता तर ती वेळ त्याच्यावर आलीच नसती. त्या बैठकीत मला एवढंच म्हणायचं होतं.